सूर कोण धरणार

जैनथ
१८ ऑगस्ट २०२४

चि. सुरेंद्र,

तुझ्या थोरल्या भावाचा, सुधाकरचा, आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस. नीलिमाच्या मोबाइलवरून निरोप धाडला, तर पोरगी म्हणते, काकांनी वाचलाय बाबा, खूण दिसते. वाचून गप्पच बसायचं असेल तर निदान कागद वाच. कागदाला ब्लॉक करता येत नाही.

कामाचं लिहितो. हैदराबादच्या एका संगीत सभेनं मला बोलावलं आहे. लग्नाला नाही, कुणा पुढाऱ्याच्या स्वागताला नाही. चोवीस नोव्हेंबर, रविवार, सकाळी आठ वाजता, फक्त सनई, दीड तास. लोक तिकीट काढून येणार आणि तोंड मिटून ऐकणार. मी सकाळी देवळात तोडी वाजवत होतो, ते नीलिमानं चोरून मोबाइलवर घेतलं आणि लोकांना दाखवलं. तिथल्या सभेच्या सेक्रेटरींच्या कानावर ते गेलं. जन्मभर मांडवात वाजवलं. पंगतीतल्या वाढप्यांच्या आरडाओरड्यात मालकंस वाजवला आणि नवरदेवाच्या मामानं मध्येच येऊन सिनेमातलं काहीतरी मागितलं. आता साठी उलटल्यावर कुणीतरी म्हणतं आहे की तुम्ही बसा, आम्ही ऐकतो. माझी छाती फुगली आहे.

तबलेवाला ते देणार आहेत. सूर मात्र आपला आपण न्यायचा असतो. तो तू धरायचास.

पाच वर्षांपूर्वीचं मी काढणार नाही. कार्तिकाच्या उत्सवात, भरल्या देवळात, मी आलाप करत असताना तू सनई खाली ठेवलीस, चपला घातल्यास आणि चांद्याची बस धरलीस, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. तुला एक दिवस पुढं बसून वाजवायचं होतं. मी पुढच्या वर्षी म्हटलं होतं. दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत होतो हे खरं, पण नाही असं कधीच म्हटलं नव्हतं. आपल्या घरात थोरला वाजवतो आणि धाकटा मागे बसून सूर धरतो. आपल्या वडिलांनी, आबांनीही, त्यांच्या थोरल्या भावामागे आयुष्यभर सूर धरला. तुझ्यावर काही जगावेगळा अन्याय झालेला नाही.

लोकांना वाटतं, मागचा माणूस एकच तर सा वाजवतो, त्यात काय आहे. त्यांनी गालात हवा साठवून, नाकानं श्वास घेऊन, एक सूर न तोडता तासभर धरून दाखवावा. मी हे सगळ्यांना सांगतो. तुला कधी सांगितलं की नाही ते आठवत नाही.

सपनाला आशीर्वाद. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतोस असं कळलं. वाजव बापड्या, पण नोव्हेंबरातल्या त्या आठवड्यात सुपारी घेऊ नकोस.

सुधाकर

*

जैनथ
४ सप्टेंबर २०२४

चि. सुरेंद्र,

पत्र मिळालं असेलच. पैनगंगेला पाणी आहे, चांद्याकडच्या गाड्या दोन दिवस बंद होत्या, म्हणून टपाल अडकलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. पण आता गाड्या सुरू झाल्या आहेत.

तुझ्या वहिनीचं म्हणणं, सूर पेटीतून घ्या. नीलिमानं आदिलाबादहून तशी विजेची पेटी आणलीही. बटण दाबलं की सा सुरू होतो आणि बंद करेपर्यंत थांबत नाही. न दमता, न रुसता, चपला न घालता. गंमत करतो आहे, रागावू नकोस.

पण पेटीनं माझं चालत नाही. सनई तोंडात धरून अर्धा तास झाला की लाकूड तापतं आणि सूर केसभर चढतो, हे तुला ठाऊक आहे. तुझी सनई माझ्याबरोबर तापायची, माझ्याबरोबर चढायची, म्हणून कधी कळलंच नाही. पेटी जागची हलत नाही. अर्ध्या तासानं मी वर आणि पेटी खाली, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की म्हातारा बेसूर झाला.

परवा देवळात तार सा लावताना सूर फाटला. पुजारी आरतीचं ताट तिथंच धरून माझ्याकडे पाहत राहिला. सनईच्या तोंडाची पत्ती खराब होती. नवी बसवली आहे.

इथं बाकी सगळं ठीक. कपाशी बरी आहे. मी हल्ली भाकरी वरणात भिजवून खातो, तेवढीच पचायला हलकी. वहिनी काळजी करते. बायकांना काळजीला काही तरी लागतंच.

दोन ओळी लिही. येतो किंवा येत नाही. येतो असं लिही.

सुधाकर

*

जैनथ
२१ सप्टेंबर २०२४

चि. सुरेंद्र,

तुझ्या बायकोचा तुझ्या वहिनीला, भाग्यलक्ष्मीला, फोन आला होता. तुझ्या नकळत केला म्हणून सपनाला बोलू नकोस. ती म्हणाली, पत्रं येतात, हे वाचतात, घडी घालून सनईच्या पिशवीत ठेवतात आणि दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. तू का येत नाहीस म्हणून भाग्यलक्ष्मीनं विचारलं. तू घरी काय म्हणाला होतास, ते सपनानं सांगून टाकलं.

"दादाले सूर पाह्यजे. भाऊ नाई पाह्यजे."

हे ऐकून मी भाग्यलक्ष्मीला म्हटलं, यात फरक काय आहे? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून ओट्यावर जाऊन बसलो.

मला खरंच कळत नाही. तू सोळा वर्षांचा होतास तेव्हापासून माझ्या मागे बसलास. मी पुढं काय करणार हे तुला माझ्या मानेवरून कळायचं. बोलण्यापेक्षा आपण सूर धरूनच जास्त राहिलो. आता तू म्हणतोस की भाऊ वेगळा आणि सूर वेगळा. दुसऱ्या कुणाला घेऊन जा असं सगळे सुचवतात. बाजारहत्नूरचा एकजण आला होता. तासभर धरला त्यानं, नेटका धरला. पण मला सारखं मागे वळून पाहावंसं वाटत होतं, तो आहे की गेला म्हणून. अशानं तोडी होते का?

आणखी एक. समोरचा वरचा एक दात थोडा हलतो आहे. विशेष काही नाही. वय झालं की हलतातच. वहिनीला मी सांगितलेलं नाही, तूही सपनाकडे बोलू नकोस. त्या दोघींचे फोन चालतात हे आता मला कळलं आहे.

सुधाकर

*

जैनथ
७ ऑक्टोबर २०२४

चि. सुरेंद्र,

हे पत्र एकट्यानं वाच.

एक दात नाही, समोरचे वरचे चारही हलतात. हिरड्या सुजतात, सकाळी उशीवर रक्त असतं. साखरेचा आजार आहेच. लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून मी गेले दोन महिने रियाज करतो आहे. ऑगस्टात तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही हलतच होते. देवळात फाटला तो सूर पत्तीमुळे फाटला नव्हता.

काल गुपचूप आदिलाबादला जाऊन दाखवून आलो. घरी सांगितलं, सोयाबीनचा भाव पाहून येतो. डॉक्टरीण नीलिमाच्याच वयाची आहे. आधी तेलुगूत विचारलं, नोप्पी आहे का, मग माझा चेहरा पाहून हिंदीत विचारलं. मी दुखत नाही म्हटलं. एक दात तिनं नुसता बोटानं हलवला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं मी काय काम करतो ते विचारलं. शेती, म्हणालो. सनई सांगितली असती तर ती म्हणाली असती, आजपासून फुंकणं बंद. ती म्हणते चारही काढावे लागतील, लवकर. पुढं कवळी बसवून देईल.

कवळीवर सनई वाजत नाही. ओठ दातांवर दुमडून पत्ती धरायची, त्या ओठाला मागून दाताचा टेका लागतो. टेका गेला की खालचे सूर कसेबसे निघतील, वर जाताच येणार नाही. तोडी वाजवायची आणि तार सा लावायचा नाही, म्हणजे घरी बोलावून पाण्याला न विचारणं.

मला भीती वाटते सुरेंद्र. स्टेजवर ऐन आलापात दात निखळला तर? इतक्या लोकांसमोर तोंडातून रक्त आलं तर? दिवसा मी सगळ्यांना हैदराबादच्या गोष्टी सांगतो. सकाळी उठलो की आधी जिभेनं दात मोजतो आणि मग देवाचं नाव घेतो.

तू मागे बसलास तर एक होईल. मी थांबलो तरी सूर चालू राहील आणि लोकांना वाटेल, म्हातारा मुद्दाम थांबला आहे. एवढ्यासाठी ये.

सुधाकर

*

जैनथ
२० ऑक्टोबर २०२४

चि. सुरेंद्र,

एक पडला.

गुरुवारी सकाळी देवळात तार सा लावला. आधी दुखलं नाही, नुसतं सैल झाल्यासारखं वाटलं, आणि सनईतून हवा फुसकन निघून गेली. दात माझ्या जिभेवर होता. मी तो तोंडातच ठेवून, नमस्कार करून उठलो. घरी आल्यावर भाग्यलक्ष्मीनं पाणी दिलं आणि मला पिता येईना. मग लपवण्यासारखं काही राहिलंच नाही. "काऊन लपवून राह्यले तुमी?" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दिवसभर भांडी आपटत होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवस विचार केला. सभेला नाही म्हणून कळवायचं पत्रही लिहून झालं होतं. मग एक सुचलं, ते लिहितो. 

तू वाजव.

तू पुढं बस, तोडी तू वाजव. सूर मी धरतो. खालचा सा अजून निघतो, ओठ आत घेऊन, हलक्या फुंकेनं. मी काल धरून पाहिला. फार वेळ टिकला नाही, पण महिन्याभरात सवय होईल. तुला तोडी कुणी बसवून शिकवली नाही, पण माझ्या मागे बसून तू ती जितकी ऐकलीस तितकी जगात कुणी ऐकलेली नाही. क्लॅरोनेटनं ओठ बिघडले असतील, पण अजून वेळ आहे. रोज सकाळी बस.

सभेच्या सेक्रेटरींशी बोललो. ते घुटमळले. आम्ही तुमचं नाव जाहीर केलं आहे म्हणाले. मी म्हटलं, सनई आमच्या घरची आहे, माझ्या एकट्याची नाही. हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही, आबा बोलल्यासारखं वाटलं. शेवटी ते तयार झाले, मीही स्टेजवर हवा या अटीवर. म्हणजे आता सगळं तुझ्यावर आलं. तू आला नाहीस तर कुणीच वाजवणार नाही.

सुधाकर

*

जैनथ
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सुरेंद्र,

आनंदाची बातमी. भाग्यलक्ष्मी मला धरूनच आदिलाबादला घेऊन गेली आणि त्या डॉक्टरणीला तिनं सगळं सांगून टाकलं, शेती नाही सनई, चोवीस तारीख, तोडी, सगळं. पोरगी आधी माझ्यावर चिडली, मग विचारात पडली. म्हणाली, उरलेले तीन दात मागच्या बाजूनं बारीक तारेनं बांधून देते आणि पडलेल्याच्या जागी तात्पुरता बसवते. महिनाभर टिकतील. त्यानंतर काढावेच लागतील, आणि हिरडी किती बिघडेल ते तिला आता सांगता येत नाही. पण महिना निघेल. मला तेवढाच हवा आहे.

त्यामुळे मागच्या पत्रात लिहिलं ते आता लागू नाही. मीच वाजवीन. तू आपला नेहमीसारखा मागे बस. तुलाही ऐनवेळी एवढं ओझं नको. पुढच्या वर्षी आपण तुझं काहीतरी बघू.

घरी येऊन सनई तोंडात धरली. बांधायच्या आधीच मध्य सप्तक स्वच्छ निघालं.  दिवाळीला येऊन जा, रियाज होईल. दात सोमवारी, चार तारखेला बांधायचे आहेत.

सुधाकर

*

जैनथ
३ नोव्हेंबर २०२४

चि. सुरेंद्र,

सपनाचा फोन आला होता. या खेपेला तिनं भाग्यलक्ष्मीला सांगून फोन मलाच द्यायला लावला. तुझ्या बायकोच्या तोंडून मी आजवर 'बरे हाय का भाऊजी' यापुढे काही ऐकलेलं नव्हतं. आज तिनं मला धारेवर धरलं.

ती म्हणाली, तुमचं विसाव्या तारखेचं पत्र आलं, त्या दिवशी ह्यांनी क्लॅरोनेट परत केलं. बँडच्या मालकाला सांगितलं की दिवाळीनंतर मी नाही. पिशवीतून सनई काढली. रोज सकाळी नदीकाठी जाऊन वाजवायचे. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मग तुमचं पुढचं पत्र आलं. वाचलं आणि पिशवी रिकामी केली. मी विचारलं, तो काय म्हणाला? ती आधी सांगेना. मग तिनं सांगितलं.

"दादाच्या तोंडात दात हाय तवरोक थो मले वाजवू नाई देनार. मी जाईन, बसीन, अन् ऐन टाइमाले थो म्हनन, सूर धर."

मी म्हटलं, हे खोटं आहे.  फोनमध्ये तुमच्या गल्लीतल्या फटाक्यांचा आवाज येत राहिला.

नदीकाठी तू वाजवलेलं तिनं मोबाइलवर घेतलं होतं, चोरून. आपल्या घरच्या बायकांना आता हीच सवय लागली आहे. ते तिनं नीलिमाला पाठवलं. मी ऐकणार नव्हतो. नीलिमा भांडी घासता घासता ऐकत होती, मी अंगणात होतो. उठलो आणि आत जाऊन उभा राहिलो.

तुझा गंधार चढा लागतो. तोडीचा गंधार इतका चढा नसतो, अजून खाली हवा. हे तुला कुणी असं शिकवलं म्हणून मी नीलिमावर ओरडलो. ती म्हणाली, बाबा, तुमचा पण तिथंच लागतो. मी तिला माझं देवळातलं लावायला सांगितलं. तिथंच लागतो. आणि जिथं जिथं मी श्वासाला थांबतो तिथं तिथं तूही थांबतोस, तुला गरज नसताना. तुझा दम माझ्याहून मोठा आहे, तू पुढं जाऊ शकतोस, तरी थांबतोस.

मात्र तार सा लावून तू खाली येतोस ती जागा माझी नाही. ती मी कधी वाजवली नाही, आपल्या घरात कुणीच नाही. ती तू कुठून आणलीस? मी पाच-सहा वेळा तेवढंच लावायला लावलं. मला ती येत नाही. तोंड बरं असतं तरी आली नसती. मला त्या जागेचा राग आला आणि डोळेही भरून आले. आधी काय झालं ते सांगता येत नाही.

उद्या आदिलाबादला जायचं आहे, दात बांधायला. भाग्यलक्ष्मी बरोबर येते म्हणते. मी नको म्हटलं.

सुधाकर

*

जैनथ
७ नोव्हेंबर २०२४

चि. सुरेंद्र,

बोलता येत नाही, तोंड सुजलं आहे. दोन ओळी लिहितो.

दात बांधले नाहीत. उरलेले तिन्ही काढले. डॉक्टरीण नको म्हणत होती, तारेची सगळी तयारी करून बसली होती. मला दोनदा विचारलं, अंकल, नक्की? मी मान हलवली.

भाग्यलक्ष्मी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, पण पेज करून देते. कार्यक्रमाची तारीख तीच आहे. रेल्वेचं तुझं तिकीट इथून काढत नाही. येणार असशील तर तू चांद्याहून थेट ये. हॉलचा पत्ता नीलिमा पाठवेल.

चार-पाच दिवसांत सूर धरायला सुरुवात करीन.

सुधाकर

*

हैदराबाद, हॉलच्या आतल्या खोलीत
२४ नोव्हेंबर, सकाळ

सुरेंद्र,

सेक्रेटरींच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. तू बाहेर व्हरांड्यात आहेस, मी आत, मध्ये एक दार आहे. एवढ्या अंतरासाठी पत्र लिहिणारा मीच. पण बोलायला गेलो की माझे शब्द हल्ली फुसफुसतात, आणि हे फुसफुसत सांगायचं नाही.

तुझ्या फोनची मी काल दिवसभर वाट पाहिली. सपनाला विचारलं तर ती म्हणाली, सकाळीच घरातून निघाले, कुठं ते सांगितलं नाही. रात्रभर लॉजवर भाग्यलक्ष्मी मला झोपा म्हणत होती. आज सात वाजता इथं आलो तर तू पायरीवर बसला होतास, पिशवी मांडीवर घेऊन. माझ्या पाया पडला नाहीस, कसा आहे विचारलं नाहीस. आत आलास, दार लोटलंस आणि म्हणालास, "दादा, तोंड उघड."

मी उघडलं. बैलबाजारात गिऱ्हाईक बघतं तसं तू वाकून पाहिलंस. मला वाटलं होतं तुझा विश्वास बसला की तू हसशील तरी. तू विचारलंस, "काऊन केलं असं?"  मग तू तोंड फिरवून बाहेर गेलास. दारापलीकडचा आवाज मी ऐकला. माझे दात गेले आहेत, कान शाबूत आहेत.

तू विचारलेल्याचं उत्तर देतो. तू सपनाजवळ जे बोललास ते मी खोटं म्हटलं होतं. तीन तारखेला तुझी ती जागा ऐकली आणि कळलं, ते खरं आहे. मी तुला पुढं बसवलं असतं, नारळ तुझ्या हातानं वाढवून घेतला असता, आणि पडदा सरकायच्या आत तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं असतं, एवढ्या वेळी सूर धर. एक दात जरी राहिला असता तरी म्हटलं असतं. मला माझी खात्री नव्हती. आता मी काहीही ठरवलं तरी तोडी वाजवू शकत नाही. त्यामुळे मी इथं निश्चिंत बसलो आहे असं लिहिणार होतो, पण तसं नाही. 

एक अडचण सांगून ठेवतो. गेले बारा-तेरा दिवस मी रोज सूर धरतो आहे. हिरडीवर ओठ ठेवून सा निघतो, बरा निघतो. पण मला तो तुझ्यासारखा धरता येत नाही. पाऊण तासानंतर ओठ बधिर होतो आणि सूर हलतो. तू इतकी वर्षं हे कसं केलंस, ते मला दोन आठवड्यांतही कळलेलं नाही. सेक्रेटरींनी सावधगिरी म्हणून पेटी आणून ठेवली आहे. मी ती बंद करायला सांगितली.

पुढची बैठक मोकळी आहे. मी मागे, डाव्या हाताला बसतो, तू बसायचास तिथं. आपल्या दोघांची सनई बरोबर तापेल. गंधार तुला हवा तिथं लाव, माझं ऐकू नकोस. श्वासाला माझ्यासारखा थांबू नकोस.

चहा संपव आणि आत ये. नीलिमा ही चिठ्ठी घेऊन येते आहे. आणि वाजवताना माझा सूर सुटला, तर मागे वळून पाहू नकोस. वाजवत राहा. मी पुन्हा धरीन.

दादा